तुह्या हाताचा साचा

फुलवंते, तुही तेरवी होऊन गेली. पाव्हने आपापल्या गावी गेले, मांगून आनलेले गंज-पराती ज्याच्या त्याले पोचवल्या. आंगन झाडून मी पायरीवर बसली अन् मंग ध्यानात आलं का आता घरात बोलाले कोनी नाई. म्हून तुह्याशीच बोलून राहिली. तू जिती होती तवा हे बोलता आलं नाई. एका चुलीवर आपलं सारं आयुष्य गेलं, पन ही एक गोष्ट म्या तुह्या कानावर पडू देल्ली नाई. मले तुहा हेवा वाटे. वाटे कायले म्हनू, अजून बी वाटून राहिला. वाटलं होतं, तुले नेलं का तुह्यासंगं तो बी जाईन. नाई गेला.

तेरवीले आलेल्या बायका म्हनत, "पारबताबाई, जाऊ नाई गेली, बहीन गेली तुही." मी मान हालवे. बहिनीचा हेवा करत नाई का कोनी? सारे सांगून गेले का फुलवंता लय चांगली होती. होतीच तू चांगली. तेच तं मले जड गेलं. वाईट असती तं म्या भांडून घेतलं असतं अन् मोकळी झाली असती.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा निघाला, त्याच साली माह्या हेमूचा बाप तापानं गेला. गावातले लोकं म्हनत, आता साहेबायचे हापिस जवळ आले, कामं लवकर होतीन. मी कोन्या साहेबाकडे जाऊ? हेमू शाळेत बी जात नव्हता तवा. तुहा मालक गोंदियाले राइस मिलात धानाचे बोरे उचले, कधीमधी घरी ये. तुले लेकरू झालं नव्हतं, अन् तुही छाती कमजोर. धानाच्या बांधीत चिखलात उभी राहिली का तुले दम लागे. मंग सासूबाईनं आपल्या दोघींले समोर बसवलं अन् सांगतलं, "पारबता बाहेरचं पायन, फुलवंता घरचं पायन." भांडे वाटावे तसं तिनं आपल्याले वाटलं. अन् हेमू घरच्या वाट्यात गेला. तवा मले काही वाटलं नाई. पोट भराचं होतं.

बाहेरचं म्हनजे काय, ते तुले ठाऊक हाय. तू सांजेले दारात उभी राहून माही वाट पाहे. पावसाळ्यात धानाचा रोवना, मंग कापनी, मंग चुरना. उन्हाळ्यात जंगलात तेंदूपत्ता तोडाचा, अन् काहीच नसलं का नहराच्या खोदकामावर जाचं. रोवन्याच्या दिवसात चिखलानं बोटायचे बेचके सडत. खोदकामानं तळहाताले घट्टे पडले, घट्ट्यायले भेगा पडल्या, भेगायत मुरूम बसला. किती बी धुतला तरी निघे ना. मी रडली नाई. कोनासमोर हात पसरून दाखवला बी नाई. कराच लागे, म्हून केलं.

एका सांजेले खोदकामावरून आली तं हेमूचं आंग तापेल होतं. म्या तेल कोमट करून आनलं अन् त्याच्या पाठीले लावाले बसली. त्यानं पाठ चोरली. म्हने, "नोको माय, तुहा हात टोचते. काकीले लावू दे."

तू धावत आली. "असं नाई म्हनाव बापा. मायचा हात हाय तो."

अन् असं म्हनता म्हनताच तुनं माह्या हातातून वाटी घेतली. तू समजावून बी सांगे अन् घेऊन बी जाय. तुहा सभावच तसा. तुले पत्ता बी लागे ना का तुनं काय नेलं. मी भितीले टेकून पाहत बसली. तुहा हात त्याच्या पाठीवरून असा फिरला, का पोट्टं बसल्या बसल्या झोपलं.

अन् तुह्या हातायचं तं गावात नाव होतं, लांब रोटीपायी. लग्न असो का तेरवी, उलट्या मडक्यावर लांब रोट्या कराच्या म्हटलं का पयलं बलावनं तुले. आपल्या इकडं कोन्या बाईले येत नाई ती रोटी? मले बी येते. पन माह्या हातची मडक्यावर पडाच्या आधीच फाटे. कनिक घट्ट्यात अडके. तुही कनिक तं निर्री पानी. परातीत आपटू आपटू तू तिले तार सोडवे. मंग एक गोळा उचले, या हातावरून त्या हातावर घे, ती लोंबत लोंबत कोपरापर्यंत ये. पाहनाऱ्याले वाटे का आता पडली, आता पडली. अन् तू अल्लाद मडक्यावर टाके. आरपार दिसन येवढी पातळ. हेमू शाळेतून आला का दप्तर न काढता तथीच फतकल मारून बसे, तुह्या हातायकडे पाहत. माह्याकडे तो कवा पाहे? मी घरी ये तवर तो जेवून झोपेल राहे.

शिकला तो. अर्जुनीले शाळा, गोंदियाले डिप्लोमा, नागपूरले इंजिनेरी, मंग पुन्याले नोकरी. त्याच्या शिकन्यासाठी म्या खोदलं अन् तुनं डबे भरले. लोकं म्हनत, पोट्ट्याले काकीनं घडवला. तुहे डबे सार्‍यायले दिसत, तो रोज सकाळी हातात घेऊन जाय. माहं कोनाले दिसे ना. खोदलेला नहर तं सरकारचा झाला.

मंग त्या दिवाळीले तो थैला घेऊन आला.

तू पायरी सारवत होती, मी दिवे पुसत होती. तो म्हने, "माय, काकी, या अथी. एक गंमत दाखवतो."

थैल्यातून निघालं काय, तं पांढरे, जाडे, लिबलिबीत बोटं. संगं लहानसा पंप अन् बारीक नळ्या. तू दोन पावलं मांगं सरकली. "बापा, हे काय उचलून आनलं?"

"हात हाय काकी. यंत्राचा. पेट्यायमधी फळं भराले."

म्या म्हटलं, "यंत्राचा हात तं लोखंडाचा पायजे. हा तं मुरमुऱ्याच्या लाडूपुढं बी हारन."

तो हासला. म्हने, "लोखंडाच्या हातानं टमाटर उचललं का रस्सा होते माय. त्याले आधी सांगा लागते, टमाटर येवढं हाय, अंडं येवढं हाय. जरासं मोठं आलं का फोडते, लहान आलं का पाडते. या हाताले काही सांगा लागत नाई. जे समोर येईन, त्याच्यासारखा तो होते."

मंग त्यानं एक बोट आडवं कापलेलं दाखवलं. आतून कसं, तं पोपटाच्या, म्हनजे वालाच्या, शेंगेसारखं, दाने काढून घेतल्यावर खोल्या खोल्या राहतात ना, तसं. पातळ रबर खिरीसारखं साच्यात ओततात म्हने, अन् ते थिजते. एका आंगाले कापड चिकटवतात. खोल्यायमधी हवा भरली का बाकीचं रबर तानते, कापडाचं आंग तानत नाई, म्हून बोट त्या आंगाले वळते. त्यानं पंप चालू केला. अळीले काडी लावल्यावर ती कशी वळते, तसे ते बोटं वळले. घरामांगच्या तुह्या वाडीतलं पिकलं टमाटर उचललं त्यायनं. मंग अंडं. मंग तुही काचेची बांगडी. काहीच फुटलं नाई. तू "अगं बाई, अगं बाई" करत होती. मले बी नवल वाटलं, खोटं कायले बोलू.

तेवढ्यात तो बोलला. "आमच्या साहेबानं मले इचारलं, तुह्या डोक्शात हे आलं कुठून. म्या सांगतलं, माह्या काकीच्या हातातून. काकी लांब रोटीची कनिक पकडत नाई. पकडली का फाटते. ती खालून आधार देते, अन् कनिक जिकडं घसरन तिकडं हात जाते. हाताले आधी काही ठाऊक नसते."

तू पदर तोंडाशी धरला. म्हने, "कायच्या काय सांगते बाप्पा हे पोट्टं."

मी पंपाकडे पाहून राहिली. म्हनजे तथी पुन्याले, ज्यायनं आपलं गाव पायलं नाई, त्या लोकायले बी ठाऊक झालं का हेमूले काकी हाय अन् तिले हात हायत. हेमूले माय हाय का, हे कोनी इचारलं असन का? अन् इचारलं असन तं त्यानं माहं काय सांगतलं असन?

दुसऱ्या दिवशी त्यानं बादलीत पांढरी भुकटी घोटली. दाताचे डॉक्टर साचा घ्याले वापरतात तीच हाय म्हने, गोंदियातून आनली. तुह्या बोटाच्या पेराले मांस किती, तळव्याची गादी कुठं जाड, कुठं पातळ, ते त्याले मोजाचं होतं. तू खुर्चीवर बसली, बादलीत मनगटापर्यंत हात. तो खाली बसून तुह्या तोंडाकडे पाहत होता. "काकी, हालू नोको. आंग सैल सोड. रोटी करतानी कसा राहते तुहा हात, तसाच ठेव." संगं मोबाइलवर फोटो काढत होता. मी पाहाले जवळ आली. त्यानं वर पायलं बी नाई. म्हने, "माय, जराशी सरक ना. उजेड अडून राहिला."

मी सरकली. गोठ्यात जाऊन शेन भरलं.

साचा घट्ट झाल्यावर त्यानं तुहा हात हळूच ओढून काढला अन् त्या पोकळीत प्लास्टर ओतलं. सांजेले तुहा पांढरा हात निघाला. नखं, रेघा, करंगळीवरचा चटका, सारं जसंच्या तसं. त्यानं तो वाळाले तुळशीजवळ ठेवला. बाजूची डोकरी ताक मांगाले आली, तिनं तो हात पायला, चप्पल काढली, तुळशीपुढचे तांदूळ उचलून त्याच्यावर वाहिले अन् पाया पडली.

म्या म्हटलं, "देवीचा नाई वो तो. फुलवंताचा हाय."

ती म्हने, "मंग काय झालं? पडली पाया तं पडली."

तू हासून हासून खोकलत बसली, हेमू बी हासला. म्या बी दात दाखवले. पन फुलवंते, मले त्या प्लास्टरचा राग आला. मातीचा राग कोनी करते का? म्या केला.

अन् मंग तो लोटा पडला. हे तुले आठवत असन, तुह्याच पायावर पानी उडालं. हेमू म्हने, जड वस्तू पाहू. पितळेचा लोटा पान्यानं भरून ठेवला. रबराच्या बोटायनं तो गुंडाळून घेतला, वर उचलला, अन् लोटा सळकन सुटला. पुन्हा केलं, पुन्हा सुटला. "मऊ झाला, पन धरत नाई," तो म्हने अन् डोक्शाले हात लावून बसला.

मले आतून बरं वाटलं. मी उठली, त्याच्यासमोर दोन्ही हात पसरले. आजवर कोनासमोर पसरले नव्हते. म्हटलं, "हे पाय. यातून कवा घमेलं सुटलं नाई."

त्यानं माहा हात हातात घेतला. आंगठ्यानं घट्टे दाबून पायले. तो म्हने, "हो माय, खरबरीत पायजे, ते मले ठाऊक हाय. तेच तं शोधून राहिलो." अन् माहा हात सोडून तो मांगच्या भितीकडे गेला. तथी खुंटीले सायकलचं जुनं टायर टांगेल होतं. त्याच्या पट्ट्या कापल्या, बोटायच्या आतल्या आंगानं चिकटवल्या. वाळल्यावर लोटा उचलला. एक थेंब सांडला नाई.

तुह्या हाताचा साचा पुन्याले गेला. माह्या हाताच्या जागी टायर लागलं.

तो गेल्यावर मी तुह्याशी धड बोलली नाई. भाजीत मीठ जास्त झालं म्हून ताट सरकवलं, पानी तापवलं नाई म्हून बोलली. तू ऐकून घे. मंग एक दिवस वाडीत आपन पोपटाच्या शेंगा तोडत होतो, अन् मी पुन्हा कायनं तरी चिडली. तुनं टोपलं खाली ठेवलं.

"बाई, भांडन मिठाचं नाई. हाताचं हाय."

म्या म्हटलं, "कोन्या हाताचं? मले काय घेनं-देनं."

तू म्हने, "तुले माह्या हाताचा राग हाय ना? असू दे. मले बी राग हाय. तुह्या पोटाचा." आवाज चढवला नाई तुनं. शेंगा तोडतच होती. "तुले 'माहा पोट्टा' म्हनता येते. म्या म्हटलं तं लोकं माह्या तोंडाकडे पाहतात. त्यानं कितीक बी फोटो काढले, तरी मी काकीच राहीन."

म्या शेंगायकडे पायलं. आपन दोघी एकाच वेलाच्या दोन आंगानं तोडत राहिलो अन् टोपलं भरलं तसं घरी आलो. ते बोलनं तसंच अर्धं राहिलं. नंतर कवा तुनं काढलं नाई, म्या बी काढलं नाई. मी सांगनार होती का मले तुह्याबद्दल सारंच वाईट वाटत नाई. पन ते सांगाव कसं, अन् कोन्या येळेले? ते मी शिकली नाई.

कारन मले बी तुहा हात ठाऊक होता. हेमू खोटं बोलत नव्हता, हे माह्यापेक्षा जास्त कोनाले समजन? रोवन्याच्या दिवसात मी आली का तू गरम पान्याचं घमेलं पुढं सरकवे. माहे हात त्यात बुडवून ठेवे. मंग मेन वितळवून माह्या भेगायमधी भरे, एक एक भेग. मी दुखते म्हनून ओरडे ना, तू दुखते का म्हनून इचारे ना. नुसता हात धरून ठेवे. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चिखलात जाय अन् ते मेन निघून जाय. तू सांजेले पुन्हा भरे. येवढे वर्सं तू भरलं. त्याच्यासाठी मी तुले एक चांगला शब्द बोलली नाई. बोलली असती तं माह्या हेव्याचं काय झालं असतं?

औंदा धान चुरून झालं, थंडी पडली, अन् तुही छाती भरली ती उतरलीच नाई. अर्जुनीच्या दवाखान्यातून तुले घरी आनलं. तुले आडवं होता ये ना. तू उशीवर पुढं वाकून बसे अन् मी मांगून पाठ चोळे. पयल्या दिवशी तं म्या लुगड्याचा बोळा करून त्यानं चोळली, माहा हात लागू नये म्हून.

तू म्हने, "बाई, हे कायले? हातानं चोळ."

"टोचन तुले."

"टोचू दे. जोरानं घास. तुह्या हातानं बरं वाटते मले."

म्या घासली. तुही पाठ लाल होऊन जाय. तू डोळे मिटून घे अन् तुहा श्वास जरासा मोकळा होये. रोज सांगे, "जोरानं." आता मी इथं बसून तोच इचार करून राहिली का तुले खरंच बरं वाटत होतं, का तू माह्या मनासाठी म्हने. तुहा काही भरोसा नाई. तू दुसऱ्याच्या मनासाठी मरता मरता बी बोलली असती. आता मले हे कोन सांगन? जाता जाता बी तू असं काही ठेवून गेली का मले धड रडता बी ये ना अन् धड रागावता बी ये ना.

तुही आंघोळ म्या घातली. बायका पुढं आल्या होत्या, म्या कोनाले हात लावू देल्ला नाई. तुहे बोटं वळेल होते, ते एक एक करून सरळ केले. हात तवा बी मऊच होता. थंडा, पन मऊ. त्या येळेले बी माह्या मनात आलं, पाय, हा हात. लाज वाटली नाई मले. तू असती तं तुले बी नवल वाटलं नसतं.

तुहा मालक पयलेच गेलेला. अग्नी हेमूनं देल्ला. डोक्शाचे केस उतरवले त्यानं, तेरा दिवस जमिनीवर निजला. लोकं म्हनत, पोटचा बी करनार नाई असं केलं पोट्ट्यानं. पाय, शेवटी त्यायच्या तोंडून बी निघालंच. तुह्या मनासारखं झालं. मी ऐकलं अन् पत्रावळी मोजाले बसली.

आज सकाळी त्याची जाची तयारी होती. मी चहा टाकला. आंगनात येऊन पाहते तं त्यानं तीच बादली मांडेल, भुकटीची थैली संगं. तुह्या तेरवीचं सामान आनाले गोंदियाले गेला, तवाच घेऊन आला असन. पान्यात घोटून बी झालेलं. उघडं डोक्सं, त्याच्यावर बारीक बारीक केस आलेले. म्हने, "माय, बस अथी. हात दे."

"कायले?"

"साचा घेऊन ठेवतो."

"तुह्या यंत्राले लागते का?"

तो खोटं बोलत नाई. म्हने, "नाई. यंत्राचं तं सारं झालं. मलेच पायजे."

फुलवंते, मी उभीच राहिली. मले काय पायजे होतं येवढे वर्सं? हेच तं पायजे होतं. तुहा हात त्यानं कामासाठी मांगतला, माहा सोतासाठी मांगून राहिला होता. हे मले समजे. मी शिकलेली नाई, पन येवढं समजे. अन् तोंडातून काय निघालं?

म्या म्हटलं, "काकी गेली म्हून आता मायची आठोन आली का? ती जिती होती तवा तू मले म्हने, सरक, उजेड अडते."

त्याले ते आठवतच नव्हतं. त्याच्या तोंडावरून दिसलं. "कवा म्हटलं म्या?" तो म्हने.

"राहू दे."

"माय, लवकर घट्ट होते ते. दे ना हात."

"माहा चुलीवर चहा हाय."

मी घरात गेली. चहा उकळून उकळून कडू झाला, तरी म्या उतरवला नाई. मले वाटत होतं का तो आत येईन, माहा हात धरून ओढत नेईन. तो आला नाई. तो तसा नाई. त्याले कोनाले ओढता येत नाई, जे समोर येईन त्याले तेवढा आधार देते. ते बी तुहंच. तू मात्र मले ओढलं असतं. तू म्हटलं असतं, "बाई, नखरे पुरे कर," अन् मनगट पकडून बादलीत दाबलं असतं. मी बडबड केली असती, शिव्या देल्ल्या असत्या, अन् हात काढला नसता. साऱ्या घरात मले असं ओढनारी तू एकटी होती.

तो चहा पिला. पाया पडला. म्हने, "उन्हाळ्यात येतो." अन् टेसनाच्या वाटेनं गेला. जाच्या आधी बादली वाडीत नेऊन पालथी केली होती त्यानं.

आता त्याची गाडी सुटली असन. मी मघा वाडीत जाऊन आली. पांढरा गोळा पडेल हाय, बादलीच्या आकाराचा, घट्ट. म्या तो उचलून इकडून तिकडून पायला. त्यात कोनाचाच हात नाई.